आकाशकंदील अपडेट: सांगाडा झाला, आता लाइटचं बघू

मंडळी, यंदाचा कंदील चांदणीचाच करतोय, कामट्या तासून सांगाडा उभा झालाय, दोऱ्यानं गाठी पक्क्या केल्यात. कागद अजून लावला नाही, कारण आधी आत बल्ब लटकवून टेस्ट करायची आणि मगच खळ हातात घ्यायची असं माझं ठरलेलं असतंय.

जुना 60 वॉटचा पिवळा बल्ब कुणी घालत असेल तर प्लीज बंद करा. त्यातली बहुतेक वीज उष्णतेतच जाते, काच 100 डिग्रीच्या वर सहज तापते, आणि वाऱ्यानं कंदील हलला की पतंगी कागद नेमका तिलाच जाऊन टेकतो. तेवढाच उजेड 9 वॉटच्या एलईडीत मिळतोय. पण एलईडी गार असतो म्हणून निवांत राहू नका, त्याचा पुढचा पांढरा भाग कोमट असतो, मागं होल्डरजवळचा भाग चांगला तापतो कारण सर्किट तिथं असतंय. म्हणून मी बल्बच्या मानेभोवती चारी बाजूंनी वीतभर जागा मोकळी सोडलीय आणि वरखाली भोकं ठेवलीत, म्हणजे गरम हवा वरनं निघून जाईल. संध्याकाळी लावून झोपायच्या वेळेपर्यंत चालू ठेवला, मानेजवळची कामटी हाताला कोमटच लागली, म्हणजे हे जमलं.

कंदिलाचं वजन नायलॉन दोरीवर, वायरवर अजिबात नाही. वायर ताणली की होल्डरमधला स्क्रू ढिला होतो, तिथं ठिणगी पडते, आणि कागद शेजारीच असतोय. वायर अखंड एकच घेतलीय. मधे जोड देऊन नुसती टेप गुंडाळलेली मला पटत नाही, उन्हापावसात ती सुटते आणि आपल्याकडं दिवाळीत परतीचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही.

माळांचं पण सांगतो. एका 6 अँपिअरच्या बोर्डावर माळा, कंदील चालतंय, पण त्याच बोर्डावर इस्त्री नाहीतर गिझर नको. एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा सेफ्टी स्विच, ओव्हरलोड आणि शॉर्टला पडतो, ढिल्या जोडातली ठिणगी त्याला कळेलच असं नाही.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आपल्या कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण सगळ्यांनीच बघितलं. शाहू महाराजांच्या काळातली वास्तू, किती पटकन गेली. तेव्हापासून कागद, कापड, लाकूड एकत्र आलं की माझा हात जरा जपूनच चालतो. पेटलंच तर आधी मेन स्विच बंद करायचा, चालू लाइनवर पाणी टाकायचं नाही, आणि 101 ला फोन. जिन्यात वाळूची बादली भरून ठेवलीय.

आता राहिल्यात कंदिलाच्या कागदी करंज्या आणि शेपट्या. शेपट्या लांब सोडायची लई हौस आहे, पण खाली उंबऱ्याजवळ पणत्या असतात, त्यामुळं यंदा आखूड करतोय आणि कंदील दारासमोरनं काढून गॅलरीच्या कोपऱ्यात टांगणार. आखूड शेपटीला घोटीव कागद बरा का जिलेटीन, कुणी करून बघितलं असेल तर सांगा, शनिवारी लक्ष्मीपुरीत कागद आणायला जायचंय.