हवेतला पाटकरी

आमच्या साक्री तालुक्यात पाण्याच्या पाळीवरून भांडायचं कसं आणि भांडण मिटवायचं कसं, हे कोणाला शिकवावं लागत नाही. पांझरेकाठच्या फड पद्धतीला तीन-चारशे वर्षं झाली असं सांगतात. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. कोणाच्या वावरात कधी पाणी सोडायचं ते वावराचा मालक ठरवत नाही, पाटकरी ठरवतो. देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. पाणी घटलं तर सगळ्यांचंच घटतं. हे शहाणपण पिढीजात मुरलेल्या घरात वायफायचा डबा भिंतीवर लागला, तेव्हा आम्ही धरूनच चाललो की त्याच्या आतही कोणीतरी पाटकरी बसलेला असणार.

नसतो. निदान आमच्या डब्यात तरी नाही.

हे कळायला मे महिना यावा लागतो. एरवी घरात दोन-चार फोन. सुट्टी लागली की पुण्या-नाशिकची पोरं उतरतात, प्रत्येकाच्या हातात एक आणि कोणाकोणाच्या खिशात दुसरा. ओट्यावर क्रिकेट, माडीवर गेम, माजघरात टीव्हीवर मालिका, गोठ्यात कॅमेरा. आणि खाटेवरून मोठ्या मायचा आवाज येतो, ‘‘मन्हं कीर्तन काबरं थांबनं रे?’’ यावर पोरं एकमेकांकडे बोट दाखवतात. ज्याच्या हातात सगळ्यात महाग फोन, तो आरोपी.

खरा प्रकार असा की वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया. आणि बोलणाऱ्या यंत्राला स्वतःच्या आवाजापुढे दुसऱ्याचं ऐकू येत नाही, त्यामुळे टक्कर झाली हे त्याला त्या क्षणी कळतही नाही. मग करायचं काय, तर आधी कान द्यायचा. कोणी बोलतंय? थांब. हवा मोकळी झाली? तरी लगेच तोंड उघडायचं नाही. मनात 0 ते 15 मधला कुठलातरी आकडा धरायचा आणि उलटा मोजत यायचं. एकेक आकडा 9 मायक्रोसेकंदांचा. मध्येच दुसरं कोणी बोललं तर मोजणी तिथेच थांबवायची, ते गप्प झालं की पुढे चालू. बोलून झाल्यावर समोरून पोच आली नाही तर समजायचं की टक्कर झाली, आणि पुढच्या खेपेला आकडा आणखी मोठ्या घरातून काढायचा: 31 पर्यंत, 63 पर्यंत, असं करत करत 1023 पर्यंत. म्हणजे जितकी गर्दी, तितका धीर जास्त. आमच्या घरातल्या एकाही माणसाला हे जमलेलं नाही.

याचा पूर्वज याहून उद्धट होता. 1971 साली अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओने जोडली, अलोहानेट नावाचं जाळं. तिथला नियम सोपा होता: सांगायचं असेल तेव्हा सांगून टाका, पोच नाही आली तर थोड्या वेळाने पुन्हा सांगा. ऐकण्याची अट नाही. गणित मांडलं तर या रीतीने वाहिनीचा जेमतेम 18 टक्के वेळ कामी येतो, बाकी रिकामा नाही तर टकरीत. तरीही चाललं, हे मला त्यातलं सगळ्यात नवलाचं वाटतं.

आता मोठ्या मायच्या कीर्तनाचा चोर. तो पोरांपैकी कोणी नव्हताच. तो नानांचा जुना फोन. नाना दुपारी गोठ्यात खाट टाकतात आणि तिथून गाईचे, गोऱ्ह्याचे व्हिडिओ साऱ्या नातलगांना धाडतात. मधे आमच्या जुन्या घराच्या जाड मातीच्या भिंती, गोठ्यावर पत्रे. सिग्नल असा अंधुक पोहोचला की फोन सावकाश बोलतो, म्हणजे निदान समजेल तरी. ओट्यावरचा फोन सेकंदाला 72 मेगाबिटने बोलत असेल आणि नानांचा 6 ने, तर तेवढ्याच मजकुराला नानांना बारापट वेळ लागणार. आणि या व्यवस्थेत समानता आहे ती पाळ्यांची, वेळेची नाही. पाळी सगळ्यांना सारखी. कोण किती वेळ पाट अडवून धरतो ते कोणी बघत नाही. आमच्या पाटकऱ्याने पहिल्याच दिवशी हटकलं असतं.

वर गोठ्यातला कॅमेरा आणि माडीवरचा गेम एकमेकांना ऐकूच येत नाहीत, फक्त मधला डबा दोघांना ऐकतो. दोघांनाही वाटतं हवा मोकळी आहे, आणि दोघं एकदम सुरू. यावर उपाय आहे: आधी छोटीशी चिठ्ठी पाठवून ‘बोलू का?’ विचारायचं, डब्याने ‘बोल’ म्हटलं की तो होकार ऐकून बाकीचे गप्प. पण प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला परवानगी मागत बसलं तर त्यातच वेळ जातो, म्हणून हे बहुधा वापरलं जात नाही.

पुतण्याने डब्याच्या सेटिंगमध्ये शिरून मोठ्या मायचा फोन सगळ्यांच्या वर नेऊन ठेवला. थोडा फरक पडला. डबा स्वतः काय आधी पाठवायचं ते ठरवू शकतो. पण नानांच्या फोनने कधी तोंड उघडायचं, हे त्याच्या हातात नाही. हवेत उतरला की डबाही सगळ्यांतलाच एक, त्यालाही आकडा मोजावा लागतो.

वायफायच्या नव्या पिढीत, वायफाय 6 मध्ये, मात्र पाटकरी आला आहे. चॅनेलचे लहान लहान वाफे पाडायचे आणि कोणी कुठल्या वाफ्यातून कधी बोलायचं ते डब्याने सांगायचं. मोबाइलचे टॉवर पहिल्यापासून असंच करत आले आहेत. नानांना हे फार पटलं. किंमत विचारली, तीही पटली. मग पुतण्या म्हणाला, ‘‘नाना, फोनही नवा लागेल. तुमच्या फोनला ही भाषा कळत नाही.’’ तिथे बोलणं संपलं.

शेवटी केलं ते एवढंच: जे जागचं हलत नाही त्याला तार. टीव्हीला एक केबल, कॅमेऱ्याला दुसरी, म्हणजे हवेतल्या रांगेतून दोघं बाहेर. केबल माळवदाखालून सराच्या कडेने नेली आहे, आणि तिथे उंदीर आहेत. नाना रोज टॉर्च मारून ती बघून येतात.