तुम्ही विचारलेत म्हणून : पृथ्वीच्या पोटात कोण पाहून आले आहे?

रंकाळ्याच्या काठी सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींपैकी कोणी ना कोणी महिन्यातून एकदा तरी मला विचारतेच, "सर, जमिनीखाली अडीच हजार किलोमीटरवर कोणी गेलेलेच नाही, मग तिथे अमुक खनिज आहे असे तुम्ही छातीठोकपणे कसे सांगता?" मी भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. उमेदीच्या काळात, प्रचंड दाबाखाली पदार्थांचे काय होते या विषयावर थोडे काम केले आणि पुढे तीस वर्षे फळ्यावर पृथ्वीचे ते कापलेल्या कांद्यासारखे चित्र काढत राहिलो. प्रश्न रास्त आहे. रशियातल्या कोला द्वीपकल्पावर खोदलेले विंधन १२,२६२ मीटरवर थांबले आणि पृथ्वीची त्रिज्या आहे ६,३७१ किलोमीटर. म्हणजे कांद्याचे वरचे सालसुद्धा आपल्याला धड सोलता आलेले नाही.

मात्र 'छातीठोकपणे' हा शब्द गेल्या वर्षापासून मला जरा निराळा ऐकू येतो. रंकाळ्याच्या अर्ध्या फेरीतच धाप लागू लागली, रात्री एका उशीच्या तीन उशा झाल्या आणि मोजे काढल्यावर घोट्यांवर खोल वळ दिसू लागले, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीवर थंडगार जेल लावून यंत्राचा दांडा फिरवला आणि सांगितले, "पंपिंग तीस टक्क्यांवर आले आहे." हृदयाचा डावा कप्पा भरल्यावर त्यातले जेवढे रक्त एका ठोक्याला बाहेर फेकले जाते, तो हा टक्का, निरोगी माणसात तो साधारण पंचावन्नच्या पुढे असतो. 'हार्ट फेल्युअर' हे शब्द ऐकून घरात रडारड झाली, कारण आपल्याकडे 'हार्ट फेल' म्हणजे माणूस गेला, असाच अर्थ रूढ आहे. प्रत्यक्षात हृदय बंद पडलेले नसते. त्याचा जोर कमी पडत असतो.

माझी छाती कोणी उघडून पाहिली नाही, तरी त्या निदानाबद्दल रंकाळ्यावरच्या एकानेही शंका घेतली नाही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढणारे यंत्र कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडते, परत येणाऱ्या प्रतिध्वनीला किती वेळ लागला ते मोजते आणि त्यावरून भिंत किती अंतरावर आहे ते ठरवते. पण वेळेवरून अंतर काढायचे तर आवाजाचा वेग आधी ठाऊक हवा. यंत्र तो सेकंदाला १,५४० मीटर धरते, कारण शरीरातल्या मऊ पेशीजालातून आवाज साधारण त्याच वेगाने जातो, हे पूर्वी कोणी तरी बसून मोजून ठेवलेले आहे. पडद्यावर हलणारे ते करडे चित्र त्या मोजणीवर उभे असते.

पृथ्वीच्या बाबतीत आवाजाचे काम भूकंप करतो. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मांडणीवरची पितळी भांडी खणखणल्याचे आणि आईने आम्हाला अंगणात ओढल्याचे मला आठवते. त्या लहरी कोल्हापूर हादरवून थांबल्या नाहीत. पृथ्वीच्या पोटातून जाऊन त्या दूरदूरच्या देशांतल्या यंत्रांवरही उमटल्या. अशा हजारो भूकंपांच्या नोंदींवरून कोणत्या खोलीवर लहरींचा वेग किती असतो, हे कळते. प्रावरणाच्या, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधल्या जाड थराच्या, वरच्या भागात प्राथमिक (सर्वांत आधी पोहोचणाऱ्या) लहरी सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने धावतात, तर तळाशी साडेतेराच्या पुढे जातात. परंतु नुसत्या वेगावरून दगडाचे नाव कळत नाही. त्यासाठी तो दगड हातात घेऊन, तितक्याच दाबाखाली आणि तितक्याच तापमानात त्याचे गुणधर्म मोजावे लागतात, आणि खनिजांवरच्या या संशोधनाचे सगळे मर्म तिथेच आहे.

हे मोजण्याचे साधन मुठीत मावते. दोन हिऱ्यांची टोके घासून सपाट केलेली असतात (गुजरीतल्या सराफाला दाखवले तर तो हळहळेल), त्या टोकांमध्ये खनिजाचा कण आणि शेजारी माणकाचा एक बारीक कण ठेवायचा आणि स्क्रू हाताने हळूहळू आवळायचे. टोक केसाएवढे लहान असल्याने थोड्या बळातून अफाट दाब निर्माण होतो. माणकावर लेसर टाकला की ते लाल चमकते, आणि दाब वाढेल तशी त्या लालीची तरंगलांबी सरकते. तीच आपली दाबाची मोजपट्टी. एकदा घाईने पाव फेरा जास्त आवळला, तेव्हा 'टक्' असा बारीक आवाज होऊन हिरा आणि तीन आठवड्यांचे काम एकदमच गेले.

प्रावरणाच्या तळाशी, सुमारे २,७०० किलोमीटरवर, लहरी विचित्र वागतात, हे कित्येक दशके ठाऊक होते; त्याचे कारण मात्र कोणाला सांगता येत नव्हते. २००४ मध्ये मुराकामी, हिरोसे आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी प्रावरणातले मुख्य खनिज आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या बारा लाख पटींहून अधिक दाबाखाली तापवले आणि क्ष-किरणांनी पाहिले, तर त्यातले अणू नव्याच रचनेत बसलेले आढळले. ज्या दाबाला ही रचना बदलली, तो नेमका त्या खोलीवरचा दाब. आणि 'कोणी पाहिलेच नाही' या आक्षेपालाही थोडे उत्तर आहे: २०१४ मध्ये ब्राझीलमधल्या, पृथ्वीच्या खोल पोटातून वर आलेल्या एका हिऱ्यात अडकलेला रिंगवुडाइटचा सूक्ष्म कण सापडला. हे खनिज ४१० ते ६६० किलोमीटरच्या दरम्यान असणार, असे प्रयोगशाळेने आधीच सांगितले होते. त्या कणात वजनाच्या सुमारे दीड टक्का पाणीही निघाले.

न मोजता केलेल्या तर्काची मला खरी धास्ती वाटते, आणि तिचे उदाहरण माझ्याच गोळ्यांच्या डबीत आहे. हृदयाची गती आणि जोर कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधे थकलेल्या हृदयाला वर्ज्य, असे डॉक्टरांना शिकवले जाई. आधीच दमलेल्या बैलाचा कासरा ओढायचा कशाला, हा तर्क बिनतोड वाटत होता. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ती अवघ्या सात रुग्णांना देऊन सुधारणा दाखवली, तरी मत पालटायला वीस-पंचवीस वर्षे गेली. १९९९ मध्ये बिसोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरच्या चाचणीचा निकाल आला: २,६४७ रुग्णांपैकी औषध घेणाऱ्यांत ११.८ टक्के, तर न घेणाऱ्यांत १७.३ टक्के मृत्यू. दमलेल्या हृदयाला शरीर ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचे चाबूक मारत राहते आणि हे औषध तो मार अडवते, हा उलगडा पुढे सर्वांना पटला. मलाही तीच गोळी १.२५ मिलिग्रॅमपासून सुरू केली. पहिले तीन आठवडे गळून गेल्यासारखे वाटले आणि नंतर पायऱ्या जमू लागल्या. परवाच्या इकोत पंपिंग ४२ टक्के भरले. तांबडा-पांढरा मात्र मिठापायी सुटला, तो सुटलाच.

हे सगळे मी मंडळींना दोन फेऱ्यांमध्ये सांगितले. त्यातल्या सर्वांत चिकित्सक गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण सर, ते बेचाळीस तरी कोणी मोजून पाहिले?" पुढच्या इकोला ते माझ्याबरोबर येणार आहेत.