मुलाच्या बाराव्या वाढदिवसाआधी

नवऱ्याच्या छळामुळे घर सोडले तेव्हा मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा अकरा वर्षांचा होता. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन केल्यावर आम्हाला नाशिकच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये जाण्यास सांगण्यात आले. तेथील आसरा साधारण 5 दिवसांचाच असतो. पुढची सोय शक्ती सदनात, म्हणजे अडचणीतील स्त्रियांसाठीच्या सरकारी योजनेतील निवारागृहात, पूर्वी ज्याला स्वाधारगृह म्हणत तेथे, झाली. प्रवेश देताना अधीक्षिका मॅडमनी नियम वाचून दाखवला, की आईसोबत मुलगी राहू शकते, मुलगा मात्र 12 वर्षांचा होईपर्यंतच; त्यानंतर त्याला बालगृहात ठेवावे लागते. त्यामुळे भाड्याची खोली, नोकरी आणि कागदपत्रे हे सारे मला एका ठरलेल्या तारखेच्या आत उभे करायचे होते.

सर्वाधिक वेळ पत्त्याने खाल्ला. बँकेला, शिधापत्रिकेला, उत्पन्नाच्या दाखल्याला पत्ता लागतो आणि माझ्या आधारवर तर नवऱ्याच्या घराचाच पत्ता होता. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने विहित नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र आधारसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालते, ही माहिती अधीक्षिका मॅडमनी दिली नसती, तर मी अजून तहसील कार्यालयाच्या पायऱ्याच चढत असते. मुलाच्या जुन्या शाळेने वडिलांच्या सहीशिवाय दाखला देण्यास नकार दिला. परंतु 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, आणि नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना हे ठाऊक असल्याने दोन्ही मुले त्याच आठवड्यात वर्गात बसली.

न्यायालयाचे काम समांतर चालू होते. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्रियांना मदत करणाऱ्या सरकारी संरक्षण अधिकाऱ्यांनी घटनेचा अहवाल तयार केला आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळाला. स्त्रियांना ही सेवा मोफत असते व त्यासाठी उत्पन्नाची अट नसते, हे अनेकींना माहीत नसते. 2005 च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात अर्ज 60 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे म्हटले आहे, प्रत्यक्षात तारखाच पडत राहतात. म्हणून वकिलांनी आधी अंतरिम आदेश मागितला. कलम 19 नुसार त्याच दर्जाचे दुसरे घर किंवा त्याचे भाडे नवऱ्याकडून मागता येते. मला परत त्या घरात जायचे नव्हते, त्यामुळे भाड्याची मागणी केली आणि मुलांच्या खर्चासह ती अंशतः मान्य झाली.

माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. शक्ती सदनात राहतानाच सातपूरच्या एका लहान कारखान्यात हिशेबाचे काम मिळाले. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज मात्र मी भरला नाही, कारण तिची वार्षिक उत्पन्नमर्यादा 21,000 रुपये आहे आणि नियमित पगार सुरू झाला की ती ओलांडली जाते. त्याऐवजी बालसंगोपन योजनेसाठी अर्ज केला. एकल पालकाच्या प्रत्येक मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात. मंजुरीला वेळ लागतो आणि हप्ते नेहमी महिन्याच्या महिन्याला पडत नाहीत, तेव्हा या रकमेच्या भरवशावर भाडे ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी ते पैसे शाळेच्या खर्चासाठीच राखून ठेवते.

खोली शोधताना घरमालक भाड्याआधी ‘मिस्टर काय करतात?’ हे विचारत. काहींनी अनामत घेण्याची तयारी दाखवली, पण लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवण्यास ते राजी नव्हते. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार असा करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, तरी भाडेकरूने तसे बोलून दाखवले की खोली हातची जाते. शेवटी कारखान्यातील एका ताईंच्या ओळखीने अशोकनगरमध्ये खोली मिळाली. अनामत रकमेचा काही भाग मालकिणीने तीन महिन्यांत विभागून घेतला, नोंदणीही केली, आणि मुलाच्या वाढदिवसाला थोडे दिवस उरले असताना आम्ही तेथे राहायला गेलो.

करार 11 महिन्यांचा असतो, त्यामुळे नूतनीकरणाच्या वाढीव भाड्यासाठी पगारातून दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकते. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात विधवा व एकल स्त्रियांना प्राधान्य आहे. तिच्या दुसऱ्या टप्प्यासाठीचा अर्ज नोंदवलेल्या कराराच्या प्रतीसह गेल्या महिन्यात दाखल केला आहे.