आमची वाटचाल : हिवाळ्यात मासेखाद्याचं पोतं न विकणारं दुकान

२०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्याच साली आम्ही शेततळ्याचा अर्ज भरला आणि त्यात मासे पाळणार म्हणून गावभर सांगितलं. भावकीनं काय काय ऐकवलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या पावसाळ्यात ३० बाय ३० मीटरचं तळं भरलं. कटला, रोहू, मृगळ मिळून १,००० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली. डिसेंबरपर्यंत मासा अदमासे पाव किलोचा झाला. एकूण वजन २५० किलो, त्याच्या दोन टक्के म्हणजे रोज ५ किलो खाद्य. हिशेब कागदावर पक्का होता. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा भिजवून, भोकं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगायचो. थंडी पडली तरी ५ किलो म्हणजे ५ किलो. उपाशी राहिले तर वाढतील कसे, हे आमचं शहाणपण!

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळे शेतात. आंबील, भज्जी झाली आणि घरचीनं सहज पोतं वर ओढलं. जड लागलं. आतली पेंड तशीच, वर बुळबुळीत साय, आणि असा आंबूस वास की लेकरं नाक धरून पळाली. ती म्हणाली, "अहो, हे खात नाहीत, तुम्ही तळ्यालाच खाऊ घालताय."

तिचं खरं होतं, पण उशीर झाला होता. माशाचं अंग पाण्याइतकंच गार. पाणी गारठलं की त्याची भूक मरते, पचनही मंदावतं. उरलेली पेंड तळाशी कुजते, अमोनिया वाढतो, प्राणवायू कमी होतो. त्यात दोन दिवस आभाळ आलं. तिसऱ्या दिवशी पहाटे मासे वर येऊन आ वासत होते. विहिरीची मोटार सोडली, तरी शंभरेक मासे पालथे पडले. ते गोळा करताना भावकी बांधावर उभी होतीच.

२०१९ ला खाद्याचं दुकान टाकलं ते हा धडा गाठीशी घेऊन. पाणी २५ अंशांच्या वर असेल तर पूर्ण खाद्य. २० च्या आसपास निम्मं, तेही एकदाच, ऊन चढल्यावर अकरा-बारा वाजता. १५-१६ च्या खाली गेलं की बंद. पंगस जातीचा मासा असेल तर त्याहून आधीच हात आखडायचा, त्याला थंडी अजिबात सोसत नाही. तरंगणारं खाद्य बरं, कारण उरलेलं कोपऱ्यात फुगून दिसतं. पेंड तळाशी लपते.

यामुळे डिसेंबर-जानेवारीत आमचा खप पडतो. एक बापू तर भांडलेच, "पैसे देतोय ना, मग दे की पोतं!" दिलं नाही. फेब्रुवारीत तेच दोन पोती घेऊन गेले. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली, तरी खाद्य आम्ही आठवडाभरात हळूहळूच चढवायला सांगतो.

थर्मामीटर आता प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला फुकट देतो. हातभर खोल सोडून मोजायचं, वरवरचं पाणी उन्हानं फसवतं. दोरी मात्र ज्याची त्यानं आणायची.