एम-६७: मसावि अखेर बोलला

काल रात्री पावणेबाराला स्क्रीनवर १९३७०७७२१ उमटलं आणि मी खुर्चीतून उठलेच. एम-६७, म्हणजे २ चा ६७वा घात वजा १ ही मर्सेन संख्या, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, फुटला: तिचा भाजक मिळाला. तोही माझ्या हातच्या पोलार्ड पी-वजा-१ या भाजक शोधायच्या पद्धतीने: एक पाया घ्यायचा, एका सीमेपर्यंतच्या मूळ संख्या घातांकात घालून त्याचा घात काढायचा, १ वजा करायचा आणि एम-६७ शी मसावि पाहायचा. पारी-जीपी हे गणिती सॉफ्टवेअर हे उत्तर एंटर दाबताच देतं आणि त्याच्याइतकं भरवशाचं साधन मला दुसरं माहीत नाही. पण या खेपेला आयतं घ्यायचं नाही, हे मागच्या नोंदीत ठरलंच होतं.

दोन आठवडे खाल्ले ते पायाने. सवयीने २ घेतला होता. सीमा ६६ पर्यंत काहीही ठेवा, मसावि १. सीमा ६७ केली की अख्खी संख्याच परत! मधलं काही नाहीच. पायथॉनमधला भागाकार तपासला, घातांकांची यादी दोनदा नव्याने लिहिली. चूक कोडमध्ये नव्हतीच. संख्याच मुळी २ चा ६७वा घात वजा १. म्हणजे तिच्या प्रत्येक मूळ भाजकाने भागल्यावर २ च्या ६७व्या घाताची बाकी १ च उरणार. दोन्ही भाजक एकाच क्षणी जाळ्यात येतात, म्हणून वेगळे होत नाहीत. मर्सेन संख्यांना पाया २ लावू नका!

पाया ३ केला. सीमा २००० ला मसावि १. वैतागून १०००० केली, तर पुन्हा अख्खी संख्या. ३००० ला मात्र भाजक निघाला. कारण मग कागदावर दिसलं. भाजकातून १ वजा करून उरलेल्या संख्येचे सगळे मूळ भाजक सीमेच्या आत आले की तो भाजक जाळ्यात येतो:

१९३७०७७२० = २³ × ३³ × ५ × ६७ × २६७७
७६१८३८२५७२८६ = २ × ३² × २९ × ६७ × २५५१ × ८५३९

२६७७ आणि ८५३९ यांच्या मधेच थांबायला हवं होतं.

आज सकाळी चौकटीच्या वहीत १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकारही करून पाहिला. ७ ची ओळ, ५३३२८६७८०१००९, तीनदा तशीच येते आणि शून्याची गळते, तरी अर्धा तास लागला. फ्रेंच गणिती ल्युकाने १८७६ मध्ये ही संख्या मूळ नाही एवढंच दाखवलं होतं. भाजक कोणाच्याच हाती नव्हते. १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकी गणिती कोलने हाच गुणाकार एक शब्द न बोलता फळ्यावर मांडला. शेवटचा अंक जुळला तेव्हा ती शांतता मला कळली.

एम-७१ साठी सीमा लाखावर न्यायचा विचार होता. पण हे लिहिता लिहिताच सुचलं: भाजक १३४क + १ (१३४ म्हणजे २ × ६७, क ही पूर्ण संख्या) याच रूपाचे असतात, मग १३४ घातांकात आधीच का घालू नये? म्हणजे सीमा ३० पुरते, आणि पुढच्या मूळ संख्या ३००० पर्यंत एकेक करून लावायच्या. दुसऱ्या भाजकाला २५५१ आणि ८५३९ दोन्ही एकदम लागतात, त्यामुळे तो मधे येणारच नाही.

आत्ताच चालवून पाहिलं. २६७७ ला १९३७०७७२१ आला. लाखाची सीमा रद्द. एम-७१ ला आज रात्री १३४ च्या जागी १४२ घालून हेच लावते.