असईचा हत्ती, एडिनबरोत

एकतीस वर्षं मी एसटीत काढली. त्यातली शेवटची चौदा जालना स्थानकात वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी चार मिनिटं उशिरा सुटली तरी माझं डोकं फिरायचं. त्या माणसामुळे स्कॉटलंडमध्ये ३८ जणांची बस ११ मिनिटं खोळंबली, ही बातमी आमच्या डेपोत दुसऱ्या कुणाकडून पोचण्याआधी मीच लिहून टाकतो.

सहलीचे पैसे लेकीनं भरले. "बाबा रिटायर झाल्यापासून रोज स्टँडवर जाऊन बसतात," हे तिचं कारण. मराठी कंपनी, मराठी टूर मॅनेजर, दादरचा तरतरीत पोरगा. तो सगळ्यांना काका-काकू म्हणणार आणि दर दोन तासांनी माणसं मोजणार. रात्रीचं जेवण भारतीय रेस्टॉरंटात. मालक विचारावा तर बांगलादेशातल्या सिल्हेटचा निघायचा, आणि त्याची डाळ आमच्या हिला रोज गोड लागायची. बसमधल्या जागा रोज दोन ओळी मागे सरकवायच्या, असा नियम पहिल्याच दिवशी वाचून दाखवला होता. तरी दुसऱ्या सकाळी कोल्हापूरच्या एका रिटायर्ड साहेबांनी पुढच्या सीटवर रुमाल टाकलेला होताच. माणूस कुठंही नेला तरी स्टँड त्याच्यासोबत जातो.

मी मात्र ड्रायव्हरवर खूश होतो. गळ्यात टाय, वय साठीच्या आसपास. सकाळी स्वतःचं कार्ड यंत्रात घालायचा, मग गाडी किती चालली, किती थांबली याची नोंद आपोआप. साडेचार तास चालवून झाले की ४५ मिनिटं विश्रांती, कायद्यानंच. पॅसेंजर ओरडोत नाहीतर मॅनेजर हात जोडो. आमच्याकडे मुक्कामी गाडी नेऊन पहाटेची पहिली फेरी परत आणणारे ड्रायव्हर मला आठवले. दुपारी गाडीखाली सावलीत टॉवेल अंथरून झोपायचे बिचारे.

यॉर्क पावसात गेलं. तटावरून छत्र्यांची दिंडी निघाली एवढंच आठवतंय.

एडिनबरोचा किल्ला दुरून दिसला तेव्हा बसमधून "वॉव" उठलं. मी गप्प. देवगिरीचा कातीव कडा आणि त्याखालचा खंदक बघत लहानाचा मोठा झालेल्या माणसानं लगेच माना डोलवायच्या नसतात. पण खडक बघून बरं वाटलं. जुन्या ज्वालामुखीचा, काळा, आपल्यासारखाच. वर मॉन्स मेग नावाची तोफ आहे, १४४९ सालची. तिचा दगडी गोळा दीडशे किलोचा. तोंडात पोरगं बसेल एवढं तिचं तोंड. आमच्या देवगिरीवरच्या मेंढा तोफेचं नक्षीकाम मात्र तिच्यावर नाही, हे मी शेजारच्या काकांना सांगितलं. ते फोटोत मग्न होते.

बरोबर एक वाजता तिथं तोफ उडवतात. १८६१ पासून ही पद्धत, बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून. रविवार, नाताळ आणि गुड फ्रायडे सोडून. मी मनगट पुढं धरून उभा राहिलो. माझं घड्याळ सहा सेकंद मागे निघालं. सव्वाला खाली रस्त्यावर बस येणार होती. तिथं तिला फार वेळ थांबू देत नाहीत, हे मॅनेजरनं तीनदा बजावलं होतं.

बाहेर पडताना किल्ल्यासमोर मोठं पटांगण लागतं. कडेला एक दगडी क्रॉस आहे, आणि त्यावर हत्ती. मोर, सिंह, घोडा असता तर पुढं गेलो असतो. त्या थंडगार गावात सोंडेचा हत्ती कशाला? चष्मा लावून वाचलं. ७८ वी हायलँड पलटण, १८५७-५८ मध्ये हिंदुस्थानात पडलेल्या शिपायांची आठवण, उभारणी १८६१. म्हणजे आपल्या सत्तावन्नच्या लढाईची दुसरी बाजू. बरं, म्हटलं, म्हणून हत्ती.

आमची स्थानिक गाईड मागून येत होती. तिला माझ्या एसटी-इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, नाही, हत्ती त्याच्याही आधीचा आहे. पलटणीला तो बिल्ला म्हणून मिळाला होता एका जुन्या लढाईबद्दल. तिनं नाव घेतलं. "असाय" असं काहीतरी. मला कळेना. तिनं माझ्या सहलीच्या कागदाच्या मागे लिहून दिलं. इंग्रजीतली ती सहा अक्षरं मी दोनदा लावली, आणि तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचली.

असई!

आमच्या नियंत्रण कक्षातून मी हजारदा ओरडलो असेन, भोकरदनमार्गे सिल्लोडला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे. त्या भोकरदनच्या बाजूला जुई आणि केळणा नद्यांच्या बेचक्यात असई. माझं आजोळ तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. मामांच्या ओसरीवर एक लोखंडी गोळा होता, नांगराच्या फाळाला लागलेला. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून मामी तो दाराला लावायची. आम्ही पोरं तो कोण उचलतो अशी पैज लावायचो. लढाईतला आहे म्हणायचे. कुठली लढाई, कुणाची, हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. शाळेत पानिपत शिकलो, खर्डा शिकलो. असई बहुतेक एका ओळीत होती.

गाईडबाई मग खुलल्या आणि मी घड्याळ विसरलो. बसमागे धावत गेलो तेव्हा १ वाजून २६ मिनिटं झाली होती. आमची ही खिडकीतून अशी बघत होती, की मी तिच्या ओळखीचाच नाही.

उशीर करणाऱ्यानं माईकवर गाणं म्हणायचं, ही शिक्षा. मी म्हटलं, गाणं नको, गाव सांगतो. आणि स्टर्लिंगच्या रस्त्यावर, बाहेर हिरव्या टेकड्यांवर कोकरं उड्या मारत असताना, सांगितलं.

२३ सप्टेंबर १८०३. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज नद्यांच्या मधे, शंभराच्या आसपास तोफा घेऊन. समोर इंग्रजांचा चौतीस वर्षांचा सेनापती आर्थर वेलस्ली, पुढं वेलिंग्टन म्हणून गाजलेला, वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. केळणा ओलांडायला वाट कुठं? वाटाडे म्हणाले, नाही. त्यानं दुर्बिणीतून बघितलं, दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड समोरासमोर. दोन गावं अशी असली की मधे उतार असणारच, एवढ्यावर त्यानं फौज पाण्यात घातली. आमच्या कुठल्याही जुन्या ड्रायव्हरनं त्याला हे फुकट सांगितलं असतं. पण तोफांनी त्याचीही माणसं भाजून काढली. मेले-जखमी दीड हजारांवर. ७४ वी पलटण जवळजवळ कापली गेली, ७८ वी तगली. दोघींना हत्ती मिळाला. वेलस्लीच्या बाजूनं लढलेल्यांत बहुतेक मद्रासकडचे देशी शिपाई होते.

बस गप्प झाली. कोल्हापूरकर साहेबांनी मला त्यांची पुढची सीट देऊ केली. मी घेतली.

स्टर्लिंगचा पिवळाधमक दरबार-महाल छान आहे, ग्लेन्कोच्या दरीत ढग अंगावर येतात, लॉक नेसमध्ये राक्षस दिसत नाही. याचे फोटो लेकीनं टाकलेत, तिथं बघा. मला सांगायचंय ते इन्व्हर्नेसचं. तिथं पाण्यापलीकडे रॉस नावाचा मुलूख सुरू होतो. ७८ वी पलटण उभी राहिली तीच या भागात, १७९३ साली. गाईडबाईंनी त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट सांगितली. जमीनदारांना मेंढ्या परवडायला लागल्या, कुळं नकोशी झाली. १७९२ मध्ये रॉसच्या लोकांनी त्या मेंढ्याच हाकलून मुलखाबाहेर काढायचं ठरवलं. सैन्य आलं, बेत मोडला. त्या सालाला ते अजून मेंढ्यांचं साल म्हणतात. पुढच्या वर्षी त्याच मुलखात पलटणीची भरती. येताना रस्त्याकडेला बिनछपराच्या दगडी भिंती दिसल्या होत्या, आत गवत आणि मेंढ्या. सगळे त्यावर "किती सुंदर" म्हणत होते, मीही म्हटलं होतं. रझाकारीच्या काळात ओस पडलेली घरं आईनं दाखवली होती, ती अशीच दिसायची. जाताना पुन्हा लागल्या तेव्हा मी फोटो काढला नाही.

ग्लासगो शेवटचा दिवस. कार्यक्रमात नुसता "फोटो स्टॉप". पण नाश्त्यालाच बायकांनी मॅनेजरला घेरलं, काकांच्या गावचा पुतळा बघायचाय. गाईडबाईंनीच फोडलं होतं. तिथल्या चौकापासून दोन मिनिटांवर, कलादालनासमोर वेलिंग्टनचा घोड्यावरचा पुतळा आहे, १८४४ चा, आणि चौथऱ्यावर कोरलेल्या प्रसंगांत वॉटर्लूबरोबर असई आहे.

गेलो सगळे. बघतो तर सरसेनापतींच्या डोक्यावर रस्त्याच्या कामावर ठेवतात तो नारिंगी शंकू. कुणीतरी रात्री चढून घालतं. काढला की परत घालतात, वर्षानुवर्षं. २०१३ मध्ये पालिकेनं चौथरा उंच करायचं काढलं, तर गावानं एवढा दंगा केला की बेत गुंडाळावा लागला. आमची ही पदर तोंडाला लावून हसत सुटली.

मी खाली चौथऱ्याशी. काळवंडलेल्या धातूत घोडे, माणसं, एकमेकांत घुसलेली. बोट फिरवलं. ही मागे येऊन म्हणाली, "अहो, यात जुई कुठाय?"

नव्हती, किंवा मला सापडली नाही.

मामेभावाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचे साडेतीन. तो बनियनवर, पाठीमागे तीच ओसरी. पुतळा दाखवला, कोरीव काम दाखवलं.

"टोपी काय घातली त्याला?" तो म्हणाला.

सांगितलं. तोही हसला.

"गोळा आहे का रे अजून, दाराचा?"

"कधीच भंगारात दिला, दादा. मामी गेली त्या साली. किलोवर." मग त्यानं डोळे बारीक करून स्क्रीनकडं बघितलं. "तुमच्या काचेवर पाणी का दिसतंय? पाऊस आहे का तिकडं?"

"रोजच आहे."

"इकडं टँकर चालू झाला सोमवारपासून. जुईत थेंब नाही."

मॅनेजर माणसं मोजत होता. सदतीस झाली होती.