स्वीडनचा जनरल आणि सांबऱ्याचा फिटर

एअरफोर्समध्ये होतो म्हटलं की आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला: "विमान चालवत होता काय?" नाही. मी इंजिन फिटर. मुचंडीचा पोरगा, बेळगावजवळच्या सांबरा विमानतळाच्या कुंपणाला नाक लावून विमानं बघत वाढलो, तांबरमला इंजिनाचं शिक्षण झालं आणि पुढं अंबाला, गोरखपूर, जामनगर करत उमेदीची वर्षं जग्वार ह्या लढाऊ विमानाच्या पोटाखाली गेली. त्यामुळं कुठल्याही मोठ्या अधिकाऱ्याबद्दल वाचायला बसलो की मी आधी एकच गोष्ट हुडकतो. ह्या माणसाला खालचं कळतं का? खालचं म्हणजे बाउझर (विमानात तेल भरणारी गाडी), ट्रॉली, रात्रपाळीचा रोस्टर, सुट्टीवर कोण आणि हजर कोण.

सध्या माझ्या डोक्यात स्वीडनचे जनरल मिकाएल ब्युदेन बसलेत. अमेरिकेच्या बायडेनशी यांचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण कट्ट्यावर दर वेळी हेच सांगावं लागतं.

जन्म १९६४, उत्तरेकडं समुद्राकाठी असलेलं ग्नार्प नावाचं छोटं गाव. सुरुवात एअरफोर्समध्ये नाहीच; आर्मीच्या हेलिकॉप्टरवर पायलट. तिथून लढाऊ विमानांकडं वळले, आधी विगेन आणि नंतर ग्रिपेन. पुढं वॉशिंग्टनच्या दूतावासात डिफेन्स अटॅशे (लष्करी प्रतिनिधी), २०१२ मध्ये हवाई दलाचे प्रमुख आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून तिन्ही दलांचे सरसेनापती. त्या खुर्चीत ते तब्बल नऊ वर्षं राहिले. पदांची यादी एवढी पुरे. मला रस आहे तो त्या विगेनमध्ये.

विगेन हे नाव आमच्या जग्वारवाल्यांना परकं नाही. सत्तरच्या दशकात आपल्या एअरफोर्सला खोलवर मारा करणारं विमान हवं होतं, तेव्हा जग्वार, फ्रेंच मिराज एफ-१ आणि विगेन असे तिघे शर्यतीत होते. विगेनचं इंजिन स्वीडनमध्ये व्होल्वोनं बनवलेलं, पण त्याचं मूळ अमेरिकन प्रॅट अँड व्हिटनीचं, जेटी-८डी. म्हणजे आपल्या इंडियन एअरलाइन्सच्या जुन्या बोइंग ७३७ ला असायचं त्याच घराण्यातलं. इंजिन अमेरिकेचं, म्हणून परवानगीही अमेरिकेचीच लागणार, आणि १९७८ मध्ये कार्टर सरकारनं ती नाकारली. आपण जग्वार घेतलं. नाहीतर माझी हयात जग्वारच्या दोन अडूर इंजिनांऐवजी त्या एका अवाढव्य इंजिनापुढं गेली असती. फिटर म्हणून सांगतो, मला ते आवडलं असतं. त्या विगेनला मागं थ्रस्ट रिव्हर्सर होता, म्हणजे इंजिनाचा झोत उलटा वळवून विमान थांबवणारी यंत्रणा. लढाऊ विमानात ही चीज क्वचितच सापडते. पाचेकशे मीटरमध्ये उतरून थांबायचं आणि गरज पडली तर स्वतःच्या ताकदीनं जमिनीवर मागंही सरकायचं. आमच्या हँगरमध्ये विमान मागं ढकलताना 'जोर लगाके' ओरडणारे आम्ही आठ-दहा जण आठवतात आणि हसू येतं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर रस्त्यांसाठी. स्वीडिश लोकांनी शीतयुद्धात एक साधा हिशेब केला होता. रशियानं हल्ला केला तर पहिल्या तासात धावपट्ट्या उडवणार. मग विमानं धावपट्टीवर ठेवायचीच नाहीत. जंगलातून जाणाऱ्या सरळ महामार्गांचे तुकडे रुंद करून ठेवायचे, विमानं त्यावर उतरवायची, झाडांत लपवायची, तेल-दारूगोळा भरायचा, परत उडवायची. ग्रिपेनची तर मांडणीच त्यासाठी केलेली: आठशे मीटर रस्ता मिळाला तरी चालेल, हवेतल्या लढाईसाठीचा टर्न राउंड (उतरलेलं विमान भरून परत उडायला तयार करणं) दहा मिनिटांत, आणि माणसं किती? एक टेक्निशियन आणि पाच सक्तीच्या भरतीतले सैनिक. कालपरवापर्यंत शाळेत असलेली ही पोरं.

ह्या आकड्यावर मी बराच वेळ अडलो होतो. आपणही २०१५ मध्ये यमुना एक्सप्रेसवेवर मिराज उतरवलं, नंतर आग्रा-लखनौ रस्त्यावर सरावही केले. पण आपल्याकडं तो प्रसंग असतो, त्यांच्याकडं तो दिनक्रम होता.

आणि मग त्यांनीच तो मोडला. सोव्हिएत युनियन गेलं, युद्ध आता कोण करतंय असं सगळ्यांना वाटायला लागलं. महामार्गावरच्या तळांची व्यवस्था बंद पडली. उप्सालाचा हवाई दलाचा तळ २००३ मध्ये बंद, ओस्टरसुंदचा २००५ मध्ये. गोटलंड हे बाल्टिकच्या मधोमध असलेलं मोठं बेट, त्यावरची रेजिमेंटही त्याच सुमारास गुंडाळली. २०१० मध्ये सक्तीची भरती स्थगित. म्हणजे ग्रिपेन राहिलं, पण त्याच्याखाली धावणारी पाच पोरं गेली.

याची किंमत कळली ती २९ मार्च २०१३ च्या रात्री. गुड फ्रायडे. रशियाची दोन टीयू-२२ बॉम्बर आणि सोबत चार सुखोई-२७ फिनलंडच्या आखाताकडून निघाली, गोटलंडच्या जवळ आली आणि स्वीडनवर हल्ल्याचा सराव करून परत गेली. स्वीडनचं एकही विमान उडालं नाही. त्या रात्री अलर्टवर कोणी नव्हतंच. रशियन विमानांच्या मागावर गेली ती नाटोची डॅनिश एफ-१६, तीही लिथुआनियाहून. त्याआधी तीनच महिने त्यांचे तेव्हाचे सरसेनापती जाहीरपणे बोलून बसले होते की आमचा देश एका ठिकाणी साधारण आठवडाभर लढू शकेल. आणि आता हे!

त्या वेळी हवाई दलाचे प्रमुख कोण? ब्युदेन.

ज्यानं ओआरपी ड्युटी (विमान कधीही उडवायच्या तयारीत बसायची पाळी) केलीय त्याला हे वाचून पोटात गोळा येईल. पायलट बूट घालून बसलेला, आम्ही बाहेर विमानाजवळ, हूटर वाजला की पळायचं. आणि रोस्टर लावताना सगळ्यात मोठी डोकेदुखी सणाची. आमच्या बेळगावच्या पोरांना गणपतीची रजा पाहिजे म्हणजे पाहिजेच. ती मिळाली नाही तर दहा दिवस तोंड पाडून फिरणार. कुणालातरी थांबवावंच लागतं, आणि ज्याला थांबवतोस त्याच्या शिव्या खाव्याच लागतात. त्या रात्री स्वीडनकडं विमानं होती, पायलट होते, रडार होतं. थांबवलेला माणूस नव्हता. अर्थात तो पैसा, ते धोरण वर्षानुवर्षं राजकारण्यांनीच कापत आणलं होतं, आदल्या वर्षी आलेल्या प्रमुखावर सगळं ढकलणं बरोबर नाही. पण नामुष्की झाली ती त्यांच्याच दलाची, आणि माझ्या मते पुढची नऊ वर्षं हा माणूस जे करत बसला ते त्या रात्रीचंच देणं फेडणं होतं.

कारण त्यांच्या काळात काय काय घडलं बघा. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये गोटलंडवर कायमची तुकडी बसवली, तीही ठरल्या तारखेच्या आधी, सरळ सरावावर असलेल्या सैनिकांना तिथंच ठेवून. २०१८ मध्ये बेटावरची रेजिमेंट परत उभी राहिली. २०१७ मध्ये सरकारनं सक्तीची भरती परत आणली, ह्या वेळी मुलामुलींना दोघांनाही. २०२१ मध्ये उप्सालाचा तळ पुन्हा स्थापन झाला. विमानं परत रस्त्यांवर उतरायला लागली. निर्णय सरकारचे, पैसा संसदेचा, हे खरंच. पण विकून टाकलेल्या बराकी, निवृत्त झालेले ट्रेनर, बंद पडलेली कोठारं यातून परत सैन्य उभं करायचं काम कुणाच्यातरी टेबलावर येतं. एखादा तळ बंद करायला एक सही पुरते. उघडायला किती लागतं ते ज्यानं हँगर रिकामा करून परत लावलाय त्याला विचारा.

भरतीचं ऐकून माझा पुतण्या कान टवकारून बसला. तो अग्निवीरची तयारी करतोय, पहाटे बाळेकुंद्रीच्या बाजूला पळायला जातो.

"काका, तिकडं सक्ती म्हणजे सगळ्यांना घेतात काय?"

"नाही रे. अठरा वर्षांच्या सगळ्यांनी फॉर्म भरायचा. त्यातनं तपासून निवडायचे. सुरुवातीला वर्षाला चार हजारच घेतले."

"म्हणजे सक्ती असून पण नंबर लागायचा नाही?"

"तसंच की."

"मग आमच्यासारखंच झालं की हे," म्हणाला आणि बूट घालून निघून गेला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसला आणि मग सगळंच बदललं. १८१४ नंतर जो देश एकाही युद्धात उतरला नव्हता, त्यानं मे महिन्यात नाटोकडं अर्ज केला आणि ७ मार्च २०२४ रोजी बत्तिसावा सदस्य झाला. त्याआधी, जानेवारीत, सालेन गावच्या वार्षिक संरक्षण परिषदेत ब्युदेन म्हणाले की लोकांनी युद्धासाठी मनाची तयारी ठेवावी. देशात खळबळ. लोकांनी पाण्याचे कॅन आणि हातानं फिरवायचे रेडिओ विकत घेतले, मुलांच्या हेल्पलाइनवर घाबरलेल्या पोरांचे फोन वाढले. विरोधकांनी झोडपलं. त्यांचं उत्तर असं होतं की मला कुणाला घाबरवायचं नाही, आपापल्या घराचा विचार करा एवढंच. मला वाटतं बोलले ते बरोबरच, पण मुलांच्या कानावर कसं पडेल याचा विचार कुणीतरी आधी करायला हवा होता. मे महिन्यात परत बोलले, पुतीनचे दोन्ही डोळे गोटलंडवर आहेत म्हणून. गप्प बसून दिवस काढणाऱ्यांतला हा माणूस नव्हे.

आता थोडं दलाच्या अभिमानाचं. स्वीडनमध्ये हवाई दलाचा माणूस सरसेनापती होणं नवलाचं नाही. टोर्स्टन राप १९६१ ते १९७०, ओवे विक्टोरीन १९९४ ते २०००, आणि हे तिसरे. राप त्या खुर्चीत बसले त्याच वर्षी कांगोत संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली त्यांची टुन्नान विमानं आणि आपली कॅनबेरा बॉम्बर एकत्र लढली होती, हेही कुणाला आठवत नाही. आपल्याकडं सीडीएस, म्हणजे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, हे पद २०२० मध्ये सुरू झालं, पहिले दोघेही आर्मीचे. बेळगावच्या कॅम्पात माझा एक दोस्त राहतो, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. त्याला हे मी मुद्दाम ऐकवलं. स्वीडनमध्ये बघ, एअरफोर्सवाल्याच्या हाती सगळं सैन्य, आणि नऊ वर्षांत देशाची घडी बदलली.

त्यानं शांतपणे चहा संपवला.

"सुरुवात कुठं केली म्हणालास?"

"आर्मीच्या हेलिकॉप्टरवर."

"मग झालं की. पाया आमचाच."

३० सप्टेंबर २०२४ ला ब्युदेन पायउतार झाले. त्यांच्या जागी मिकाएल क्लासोन आले. ते आर्मीचे आहेत, हे मी सुभेदाराला अजून सांगितलेलं नाही, आणि तुमच्यापैकी कुणी कॅम्पात राहत असाल तर कृपा करून तुम्हीही सांगू नका.